कालव्यावरच्या माणसाला

पाटकरी गेला. तो एका दिवशी गेला नाही, म्हणून त्याची बातमी कुठे छापून आली नाही. एकेक जण वय झालं तसा निवृत्त होत गेला, त्याच्या जागी कोणी आलं नाही, आणि एका उन्हाळ्यात ध्यानात आलं की चारीवरून फिरणारं माणूसच उरलेलं नाही. मराठवाड्यात कुरुंदा, हट्टा, वसमत या पट्ट्यातल्या ज्या पिढीने पूर्णा नदीच्या पाण्यावर भुईमूग काढला, ऊस लावला, हळद पिकवली, त्या पिढीला तो नावानिशी ठाऊक होता. सरकारी दप्तरात त्याची पदं वेगवेगळी होती : कालवा निरीक्षक, कालवा चौकीदार, कालवा टपाली, मोजणीदार. बांधावरच्या माणसाच्या लेखी ही सगळी मंडळी पाटकरीच. सायकलीच्या दांड्याला फावडं बांधलेलं, कॅरिअरला वही, हातात बॅटरी आणि धोतर किंवा पँट गुडघ्यापर्यंत वर घेतलेली. त्याच्यावर कोणी कधी लेख लिहिला असेल असं वाटत नाही. धरणांवर पुष्कळ लिहिलं जातं, धरणं बांधणाऱ्यांचे पुतळे होतात. धरणात साठलेलं पाणी कोसोन् कोस दूरच्या वाफ्यात ज्याने पोचवलं, त्याला निरोपाचे चार शब्द तरी मिळायला हवेत.

आधी धरणाचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय या माणसाची गोष्ट कळत नाही. पूर्णा प्रकल्प हा मराठवाड्यातला सुरुवातीचा मोठा प्रकल्प. 1956 च्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि दोनच वर्षांनी, 1958 साली, पूर्णेवर काम सुरू झालं. 1968 पर्यंत दोन धरणं उभी राहिली. वर जिंतूर तालुक्यात येलदरी आणि खाली औंढा नागनाथजवळ सिद्धेश्वर. येलदरीचा एकूण साठा 934 दशलक्ष घनमीटर. तिथे पाणी साठतं, विजेच्या तीन संचांतून फिरतं, आणि खाली सिद्धेश्वरच्या जलाशयात येतं. कालवा निघतो तो सिद्धेश्वरमधून. सिद्धेश्वरची भिंत सहा किलोमीटरहून लांब आणि पायापासून 38 मीटर उंच. एकूण साठा 250 दशलक्ष घनमीटरच्या घरात असला, तरी त्यातलं उपयुक्त पाणी साधारण 81 दशलक्ष घनमीटरच. बाकीचा मृतसाठा. म्हणजे सिद्धेश्वरची भिस्त वरच्या येलदरीवर, आणि आमच्या शिवारांची भिस्त सिद्धेश्वरवर. येलदरी जोत्याखाली गेलं की वसमतच्या बाजारात भुईमुगाच्या बियाण्याला गिऱ्हाईक उरत नसे.

मातीचं धरण ही मोठी जिद्दीची गोष्ट आहे. जी माती एका पावसात विरघळते, तिच्याच भिंतीने नदी अडवायची. आपल्याकडे अशा धरणाच्या पोटात काळ्या चिकण मातीचा गाभा असतो, दोन्ही अंगांना मुरमाचं आवरण, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग, आणि कोरड्या बाजूला पायथ्याशी झिरपणारं पाणी गाळून बाहेर काढणारा वाळू आणि दगडांचा थर. गाभ्याची माती पातळ थरांत पसरायची, नेमकी ओल धरायची आणि रोलरने दाबायची. ओल कमी पडली तर माती दबत नाही, जास्त झाली तर रबडी होते. धरण पाझरतं याची भीती नसते. प्रत्येक मातीचं धरण थोडं पाझरतंच. भीती असते ती पाझर गढूळ होण्याची. स्वच्छ पाणी येतंय तोवर धरण शाबूत. पाण्याला मातकट रंग आला की समजायचं, आतून माती निघू लागली आहे.

आणि हा रंग बघायला माणूस लागतो. पायथ्याने रोज चालणारा, काल हा खळगा कोरडा होता आणि आज ओला आहे हे ओळखणारा माणूस. आपल्या राज्याने हे दोनदा फार महागात शिकून घेतलं आहे. 12 जुलै 1961 च्या सकाळी पुण्यावरचं पानशेतचं मातीचं धरण फुटलं. त्याचं काम पुरं झालेलं नव्हतं आणि पाणी आधीच अडवलं गेलं होतं. त्या पाण्याने खालचं खडकवासला फोडलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडवल्या. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसहून जास्त माणसं गेली. तिवऱ्याच्या लोकांनी गळतीची तक्रार आधीच केलेली होती. गळती दिसत होती, बघणारे होते, सांगणारेही होते. त्यांच्या सांगण्याला वरपर्यंत नेणारी वाट शाबूत नव्हती. पाटकऱ्याच्या साखळीचं खरं काम तेच होतं. भिंतीवरचा चौकीदार, कालव्यावरचा निरीक्षक, निरोप पोचवणारा टपाली, शाखाधिकारी. एकाने पाहिलेलं संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच्या वहीत आलं पाहिजे, हा त्या खात्याचा जुना शिरस्ता.

आमच्या भागात तर या नजरेची गरज आणखी एका कारणाने आहे. वसमत, औंढा, कळमनुरी या तालुक्यांत गेली काही वर्षं जमिनीतून आवाज येतात. पांग्रा शिंदेच्या लोकांनी ते आवाज ऐकत रात्री अंगणात काढल्या आहेत. 21 मार्च 2024 च्या पहाटे आणि पुन्हा 10 जुलै 2024 च्या सकाळी 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. अशा धक्क्यानंतर मातीच्या भिंतीवरून कोणीतरी पायी चालायला हवं. माथ्यावर लांबट भेग पडली का, पिचिंगचा दगड खचला का, पायथ्याची ओल वाढली का, हे बघायला हवं. यंत्रं बसवता येतात, बसवावीतच. पण सहा किलोमीटरच्या भिंतीवर ज्याचे पाय वीस-तीस वर्षं फिरले, त्याच्याइतकी ती भिंत कोणाला कळणार?

आता कालव्याकडे येतो, कारण पाटकऱ्याचं आयुष्य तिथेच गेलं.

पाण्याचं वर्ष आमच्याकडे तीन हंगामांत वाटलेलं. 1 जुलैला खरीप सुरू, 15 ऑक्टोबरला रब्बी, 1 मार्चला उन्हाळी. धरणात साठा किती त्यावर कालवा सल्लागार समिती आवर्तनं ठरवणार. शेतकऱ्याने सात नंबरचा फॉर्म भरायचा, कोणत्या गटात कोणतं पीक आणि किती क्षेत्र ते लिहून द्यायचं. मग पाळीचा तक्ता. आणि तक्ता निघाला की पुढचं सगळं पाटकऱ्याच्या अंगावर.

कालव्याच्या तोंडाशी पाणी सोडलं म्हणजे ते शेतात आलं असं नव्हे. मुख्य कालवा भरायलाच दिवस जातात. तिथून शाखा कालवा, वितरिका, लघु वितरिका, चारी, दांड. वाटेत तडे, बिळं, वाढलेलं गवत, कोणीतरी रात्री आडवं टाकलेलं पोतं. सिद्धेश्वरचं दार उघडल्यावर आपल्या हद्दीत पाणी कोणत्या दिवशी, कोणत्या वेळेला पोचेल हे जुना पाटकरी तोंडावर सांगायचा. त्यासाठी त्याला गणित मांडावं लागत नसे. गेल्या पाळीला कुठे किती मुरलं हे त्याच्या डोक्यात असायचं, गेजच्या पट्टीवरचे आकडे वहीत असायचे. पट्टीवर चार बोटं पाणी उतरलं की तो सायकल काढायचा आणि वर निघायचा. कुठेतरी फुटलंय किंवा कोणीतरी फोडलंय.

"मामा, आमची बारी कधी?"

"परवा रात्री. खालच्या तिघांचं भिजलं की तुझंच. घरी झोपू नको, दारावर येऊन थांब."

हे बोलणं आमच्या भागातल्या प्रत्येक कालव्यावर, प्रत्येक हंगामात झालेलं आहे. त्यातल्या "खालच्या तिघांचं" या शब्दांकडे लक्ष द्या. शेजपाळीचा नियम असा की पाणी शेवटाकडून वाटत यायचं. टेलच्या शेतकऱ्याचं आधी, तोंडाजवळच्याचं शेवटी. वरवर पाहता उलटा वाटावा असा हा नियम आहे. पाणी तर वरून खाली येतं, वरच्याच्या दारातून जातं, आणि वरच्याने हात बांधून बसायचं. पण पाणीवाटपाचा सगळा न्याय एवढ्यातच आहे. तोंडाजवळच्याचं जमिनीच्या जागेमुळेच भागतं. नियम हवा तो टेलच्या माणसासाठी. हा नियम कागदावर लिहिणं सोपं होतं. रात्री दोन वाजता, वरच्या बागायतदाराच्या दारावर उभं राहून, "दादा, तुमचं दार बंद ठेवा, खालच्या विधवा बाईचा गहू राहिलाय," असं सांगणं अवघड होतं. सांगणारा माणूस खालच्या श्रेणीचा, ऐकणारा गावचा पुढारी. तरी कित्येकांनी ते सांगितलं. शिव्या खाल्ल्या, कधी मार खाल्ला, बदलीची धमकी ऐकली, आणि पुढच्या पाळीला पुन्हा तिथेच उभे राहिले.

सगळेच पाटकरी निर्मळ नव्हते, हेही लिहायला पाहिजे. चहापाण्यावर पाळी पुढेमागे करणारे होते. मोजणीत दोन एकर कमी धरणारे होते. नातलगाच्या दारावर पहाटेपर्यंत पाणी चालू ठेवणारे होते. टेलच्या शेतकऱ्यांनी त्यांच्यावर राग धरला, तो रास्तच होता. तरीही मला मोठा फरक दिसतो तो असा की राग धरायला, जाब विचारायला, गाठून भांडायला समोर एक माणूस होता. त्याचं घर माहीत होतं. त्याची सायकल कुठे टेकवलेली असते ते माहीत होतं. पाणी आलं नाही तर कोणाकडे जायचं हा प्रश्न पडत नव्हता.

पाटकरी ही ओळख सरकारी कालव्यांहून फार जुनी आहे. नाशिक-धुळ्याकडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धती चालत आली. नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि फड पाळीपाळीने बदलायचे. त्या व्यवस्थेतही पाटकरी होता, त्याच्या जोडीला जागल्या आणि हवालदार. त्यांना शेतकरी धान्याच्या रूपात मेहनताना देत. तिथे पाटकरी गावाचा माणूस होता, गावाला बांधील. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात आजही दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात पाण्याचं न्यायासन भरतं. कालव्यांचे शेतकरी-प्रतिनिधी काळे झगे घालून बसतात, पाणीचोरीच्या तक्रारी ऐकतात आणि तोंडीच निवाडा देतात. युनेस्कोने 2009 साली त्याची वारसा म्हणून नोंद केली. आमच्या पाटकऱ्याला असं पीठ कधी मिळालं नाही. तो सरकारचा नोकर, तरी निवाडे त्यालाच करावे लागले, तेही उघड्यावर, रात्री, चिखलात उभं राहून.

रात्रीच्या पाण्याबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. कालवा चोवीस तास वाहतो, त्यामुळे बाऱ्या रात्रीही येतात. जानेवारीच्या थंडीत गव्हाला पाणी देणारा शेतकरी सरीच्या तोंडाशी फावडं घेऊन उभा असतो, पाय बधिर झालेले असतात. शेतात एखादा घोणस निघतो. आणि दर दोन-तीन तासांनी लांबून बॅटरीचा उजेड हलत येतो. पाटकरी फेरीवर असतो. तो दारापाशी थांबतो, पाण्याची धार बघतो, "कमी झालंय, वर बघून येतो" म्हणतो आणि अंधारात निघून जातो. अर्ध्या तासाने धार वाढते. वर कोणाचं दार त्याने बंद केलं, कोणाशी काय बोलणं झालं, हे खालच्याला कधी कळत नाही.

कालवा फुटला तर पहिला उडी घेणारा तोच. खेकड्याच्या किंवा उंदराच्या बिळातून पाणी शिरतं, आधी करंगळीएवढी धार, मग हात जाईल एवढं भोक, मग भराव ढासळतो. मुरमाची पोती लागतात, माणसं लागतात. गावात जाऊन चार माणसं उठवून आणायची आणि जेसीबी येईपर्यंत तेवढ्यांनीच भराव धरून ठेवायचा. यासाठी त्याला कधी जादा भत्ता मिळाला का ते विचारू नये.

तो कसा गेला? निवृत्ती आणि थांबलेली भरती ही झाली दप्तरातली कारणं. पण त्याच्या हातातला अधिकार त्याच्याही आधी ओसरत होता. कालव्याच्या पाझराने विहिरींना पाणी आलं, वीज आली, कालव्याला लागून मोटारी बसल्या. ज्याच्याकडे मोटार आणि पाइप, त्याला पाळीचा तक्ता नको. उसाचं क्षेत्र वाढलं तसा वरच्या अंगाचा पाण्याचा हट्ट वाढला. कालव्याचं अस्तर उखडलं, दारं गंजली, कित्येक ठिकाणी ती राहिलीच नाहीत. 2005 साली पाणी वापर संस्थांचा कायदा झाला. विचार चांगला होता : पाणी मोजून संस्थेला द्यायचं, पुढचं वाटप शेतकऱ्यांनीच करायचं. काही भागांत त्या संस्था चांगल्या चालल्या. जिथे त्या कागदावरच राहिल्या, तिथे जुना माणूस गेला आणि नवी व्यवस्था आलीच नाही. 2023 च्या अखेरीस जलसंपदा विभागाने साडेचार हजारांच्या आसपास पदांची जाहिरात काढली, त्यात कालवा निरीक्षक आणि मोजणीदारही होते. त्यातून येणाऱ्या नव्या पोरांचं स्वागत आहे. पण त्यांना कालवा दाखवायला नोकरीत जुनं कोणी उरलेलं नाही, ही माझी खंत आहे.

आणि या सगळ्यात टेल तुटलं. आमच्या भागात आता पुष्कळ चाऱ्या अशा आहेत की त्यांत पाणी कधी वाहिलं होतं हे चाळिशीतल्या माणसालाच आठवतं. चारीत बाभळी उगवल्या. कोणी चारी बुजवून शेतात घेतली. टेलचा शेतकरी बोअरच्या मागे लागला, कर्जात गेला, आणि पोरगा पुण्याला कंपनीत. हे सगळं पाटकरी नसल्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. पावसाने दगा दिला, येलदरी वर्षानुवर्षं भरलं नाही, वरच्या अंगाला खडकपूर्णेसारखी धरणं झाली. पण थोडं पाणी असतानाच वाटणारा माणूस जास्त लागतो. नेमका तेव्हाच तो नव्हता.

कुरुंद्याचं नाव सुरुवातीला घेतलं, त्याला आणखी एक कारण आहे. 8 जुलै 2022 च्या रात्री कुरुंद्याच्या परिसरात अतोनात पाऊस पडला आणि पहाटेपर्यंत गाव पाण्यात होतं. घराघरांत पाणी, दुकानांत पाणी, धान्य भिजलं, जनावरं गेली. शेजारच्या किन्होळ्याचीही तीच गत. त्या पुरानंतर बाहेरून आलेली माणसं विचारायची, जिल्ह्यात एवढी मोठी धरणं असताना पूर येतो कसा? धरण आपल्या वरच्या अंगाला पडलेलं पाणी अडवतं. खाली, गावाच्याच डोंगरउतारावर पडलेल्या पावसावर त्याची सत्ता नाही. सिद्धेश्वरची चौदा दारं घट्ट बंद असती तरी त्या रात्री कुरुंद्यात पाणी शिरलंच असतं. पाटकरी असता तर पूर टळला असता, असं म्हणणं खोटं ठरेल. मात्र कोणत्या ओढ्याचं तोंड गाळाने अरुंद झालंय, कोणत्या पुलाखालच्या नळ्या तुंबल्यात, कुठल्या भरावामुळे पाण्याची वाट वळली, हे मे महिन्यातच ज्याच्या वहीत असायचं, असा माणूस शिवारात फिरत नव्हता. जमिनीचा उतार त्याला पायांनी ठाऊक असायचा. पाऊस पडायच्या आधी पाणी कुठून जाईल हे सांगणारे डोळे गावाने गमावले होते, आणि ते गमावल्याची नोंदही कुठे झाली नव्हती.

पूर्णेच्या कालव्यावर नोकरी केलेली माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत. काही वसमतला मुलांकडे राहतात, काही आपल्या गावी. भेटलं तर कुठल्या साली कितवं आवर्तन कधी सुटलं ते सांगतात. 1972 च्या दुष्काळात नोकरीला लागलेल्यांच्या तोंडी वेगळ्या हकिगती आहेत, गळक्या दाराला चिंध्या आणि शेण लावून थेंब वाचवल्याच्या. एवढी वर्षं त्यांनी जे पाणी मोजलं त्यातलं त्यांच्या स्वतःच्या रानात किती आलं, हे विचारल्यावर बहुतेक जण हसून विषय बदलतात. पुष्कळांची जमीन कोरडवाहूच होती.

एक काम मात्र अजून हातात आहे. या माणसांनी रोज लिहिलेल्या गेजच्या नोंदवह्या आणि हंगामाहंगामाच्या मोजणीच्या वह्या शाखा कार्यालयांच्या खोल्यांत, कपाटांवर, कधी गळक्या छपराखाली पडून आहेत. कुठल्या दिवशी किती पाणी सुटलं, कोणत्या चारीला किती पोचलं, कोणाचं पीक भिजलं, हा आमच्या भागाचा पन्नास-साठ वर्षांचा हिशेब त्यांत आहे, आणि तो दुसरीकडे कुठेही नाही. जुनं दप्तर म्हणून त्या रद्दीत जाण्याआधी कोणीतरी त्या बाहेर काढाव्यात, धूळ झटकून त्यांचे फोटो घ्यावेत. वसमतच्या एखाद्या महाविद्यालयाने मनावर घेतलं तर दोन उन्हाळ्यांत हे होईल. अक्षर लागलं नाही तर लिहिणारे अजून जिवंत आहेत. त्यांना बोलावावं, खुर्ची द्यावी, आणि वही त्यांच्या पुढ्यात ठेवून वाचून घ्यावी.